लॉनच्या जागी ठेंगणी ब्लूबेरी : मॅसॅच्युसेट्समधील एका उताराचे प्रकरण

बॉस्टनच्या पश्चिमेला मिडलसेक्स काउंटीतील एका गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरामागे सुमारे ९० चौरस मीटरचा, पूर्वेकडे उतरणारा एक उतार आहे. तीन फूट पुढे जाताना एक फूट खाली, इतका तो तीव्र आहे. वरच्या कडेला ड्राइव्हवे आणि त्याला आधार देणारी काँक्रीटची बुटकी भिंत, तर खालच्या कडेला ओक आणि पांढऱ्या पाइनचे रान आहे. घर १९९०च्या दशकातील असून तेव्हापासून या उतारावर लॉन होते. त्यावर मॉवर चालवणे धोक्याचे होते आणि उन्हाळ्यात वरचा भाग करपून जाई. पाऊस जोराचा झाला की उघड्या पडलेल्या जागांतून माती खाली ओघळे. २०१९च्या शरदात या कुटुंबाने उद्यानविद्येचे शिक्षण घेतलेला परिचित म्हणून माझा सल्ला विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा नेमकी होती. गवत नको, पायऱ्यापायऱ्यांची दगडी बांधणी परवडणार नाही, जमीन बारा महिने झाकलेली राहावी आणि जमल्यास तिथून काही खायलाही मिळावे. त्याच ऑगस्टमध्ये ते मेन राज्याच्या वॉशिंग्टन काउंटीत जाऊन आले होते. तिथल्या माळांवर घोट्याएवढ्या उंचीची ब्लूबेरी मैलोगणती पसरलेली त्यांनी पाहिली होती आणि तीच आपल्या उतारावर हवी, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

निवड चुकीची नव्हती. मात्र ‘जमीन झाकणे’ आणि ‘फळ देणे’ ही दोन कामे हे झुडूप एकाच वेळी पूर्ण ताकदीने करत नाही. एका कामासाठी जी निगा लागते तिच्यामुळे दुसऱ्यात खोट येते. या प्रकरणात पुढे जे निर्णय घ्यावे लागले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हीच ओढाताण आहे.

झुडपाची रीत

बाजारात मिळणारी टपोरी ब्लूबेरी बहुधा उंच जातीची असते. तिची झुडपे माणसाच्या उंचीएवढी वाढतात आणि ती ओळीत लावली जातात. ठेंगणी ब्लूबेरी, म्हणजे व्हॅक्सिनियम अँगुस्टिफोलियम, ही वेगळी प्रजाती आहे. ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडा हे तिचे घर. तिची उंची साधारण १५ ते ४५ सेंटिमीटर असते, फळ वाटाण्याएवढे आणि चव अधिक ठसठशीत. मेनमधील किंवा नोव्हा स्कोशियातील व्यापारी शेते लागवडीतून उभी राहिलेली नाहीत. जंगल तोडल्यावर किंवा जळाल्यावर आधीपासून तिथे असलेल्या झुडपांनी ती जमीन व्यापली आणि माणसाने फक्त निगराणी केली. वाबानाकी आदिवासी लोक युरोपीय वसाहतींच्या पुष्कळ आधीपासून अशा जमिनी ठरावीक काळाने जाळत आले आहेत.

जाळूनही हे झुडूप मरत नाही, कारण त्याचा मोठा भाग जमिनीखाली असतो. वरच्या काही सेंटिमीटर मातीत आडवी भूमिगत खोडे पसरतात, त्यांवरून ठिकठिकाणी कोंब वर येतात आणि काही वर्षांत एका रोपाचा अनेक फुटांचा पट्टा तयार होतो. हा सगळा पट्टा जनुकीयदृष्ट्या एकच असतो, त्यामुळे शरदात मेनच्या माळावर उभे राहिले की कुठे शेंदरी, कुठे गडद लाल, कुठे जांभळट असे तुकडे जोडलेले दिसतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक वेगळे रोप. मुळांवर मात्र केशमुळे नसतात. त्यांचे काम मुळांत राहणारी विशिष्ट बुरशी करते आणि ही जोडी आम्लधर्मी, नापीक मातीतच नीट जमते. नत्रही या झुडपाला अमोनियमच्या रूपात लागते, कारण नायट्रेटचा त्याला फारसा उपयोग करून घेता येत नाही. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी माती अधिक आम्ल) ४ ते ५ च्या दरम्यान असला की ते सुखी असते. सामू ६च्या पुढे गेला की लोह मिळेनासे होते, पाने शिरांमधून पिवळी पडतात आणि वाढ थांबते. गवत आणि बहुतेक तणांना नेमकी उलट परिस्थिती मानवते. म्हणून सामू खाली ठेवणे हा या लागवडीत पोषणाचा मुद्दा आहेच, आणि तणनियंत्रणाचे सर्वांत स्वस्त साधनही तेच आहे.

उताराची पाहणी

कुटुंबाने संपूर्ण उताराचा एकच मातीचा नमुना काढून ठेवला होता. तो बाजूला ठेवून आम्ही वरचा, मधला आणि खालचा असे तीन वेगळे नमुने घेतले आणि अॅमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेकडे पाठवले. खाण्याजोगे काही लावायचे असल्याने शिशाची तपासणीही करून घेतली. अमेरिकेत घरांसाठीच्या रंगांतून शिसे १९७८मध्ये बंद झाले. त्यामुळे या घराबाबत धोका कमीच होता आणि अहवालही तसाच आला. जुन्या घराच्या भिंतीलगत ब्लूबेरी लावण्याआधी मात्र ही तपासणी टाळू नये. सामू उतरवला की मातीतील शिसे अधिक सुटे होते, म्हणजे ब्लूबेरीसाठी केलेली तयारीच तो धोका वाढवते.

तीन नमुन्यांनी तीन वेगवेगळ्या जमिनी दाखवल्या. न्यू इंग्लंडची मूळ माती ग्रॅनाइटच्या खडकांतून आणि हिमनद्यांनी सोडलेल्या रेती-गोट्यांतून झालेली, स्वभावतः आम्लधर्मी आहे. रानाला लागून असलेल्या खालच्या पट्ट्यात सामू पाचच्या आत होता. मधल्या पट्ट्यात तो सहाच्या वर गेला होता, कारण लॉनची देखभाल करणारा कंत्राटदार दर शरदात नेमाने चुना टाकत असे आणि लॉनच्या दृष्टीने ते योग्यच होते. वरच्या पट्ट्यात, भिंतीजवळ, सामू जवळजवळ सातला टेकला होता. चुन्याच्या जोडीला काँक्रीटमधून झिरपणारा चुनखडीचा अंशही तिथे होता आणि शिवाय हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा मीठमिश्रित बर्फ ढकलून तिथेच लोटला जात असे.

कागदी अहवालाहून मला रानाच्या कडेने दिलेली साक्ष अधिक बोलकी वाटली. तिथे पाइनच्या सुयांमधून विंटरग्रीन डोकावत होते, स्वीटफर्नची दोन-चार झुडपे होती (दोन्ही आम्लधर्मी मातीत रमणाऱ्या वनस्पती) आणि ओकच्या सावलीत ठेंगणी ब्लूबेरी स्वतःहून उगवलेली होती. उंची जेमतेम वीतभर, फळ नाही, पण जिवंत. सावलीत हे झुडूप वर्षानुवर्षे असेच तग धरून राहते आणि ऊन मिळाले की पसरते. ज्या जागेवर एखादी वनस्पती आपण होऊन टिकून आहे, तिथे तिला बोलवायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. वर किती अंतरापर्यंत न्यायचे, एवढेच ठरवायचे असते.

भिंतीलगतचा दोन मीटर रुंदीचा पट्टा ब्लूबेरीसाठी वगळावा, असे मी सुचवले. कुटुंबाला ते पटले नाही, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमका तोच पट्टा दिसतो. तिथेही भरपूर गंधक घालून का भागणार नाही, असा त्यांचा प्रश्न होता. काँक्रीट तिथेच राहणार आणि मिठाचा बर्फही दर हिवाळ्यात पुन्हा येणार. कारण कायम ठेवून परिणाम दरवर्षी पुसत बसण्याला अर्थ नव्हता. शेवटी तडजोड अशी झाली की त्या पट्ट्यात चाचणी म्हणून थोडीच रोपे लावावीत आणि उरलेल्या सुमारे ७० चौरस मीटरवर पूर्ण लागवड करावी.

गंधक आणि वाट पाहणे

सामू उतरवण्यासाठी मूलद्रव्य गंधक वापरले. ते मातीतील जिवाणूंकडून ऑक्सिडीकृत होऊन त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते तेव्हाच काम करते. थंड मातीत हे जिवाणू जवळजवळ स्वस्थ असतात, म्हणून न्यू इंग्लंडमध्ये शरदात टाकलेले गंधक वसंतापर्यंत नुसते पडून राहते. प्रमाण मातीच्या पोतावर ठरते. सामू एका अंकाने खाली आणायला वालुकामय मातीत १०० चौरस फुटांना साधारण ४०० ग्रॅम पुरते, पण पोयट्याच्या मातीत एक किलोच्या वर लागते. इथली माती रेताड पोयट्याची असल्याने प्रमाण मधले धरले आणि २०२०च्या वसंतात व शरदात असे दोन हप्त्यांत विभागून टाकले. लागवड २०२१च्या मेपर्यंत पुढे ढकलली.

हे वर्ष सर्वांत जड गेले ते कुटुंबाच्या धीराला. मधल्या काळात नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून नाना सूचना आल्या. कोणी कॉफीचा चोथा टाकायला सांगितला, कोणी व्हिनेगर, कोणी पाइनच्या सुया. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यातील आम्ल बहुतांशी कपात उतरलेले असते आणि चोथा उदासीनतेच्या जवळ असतो. व्हिनेगरचा परिणाम काही दिवसांत संपतो. पाइनच्या सुया जमीन झाकायला उत्तम आहेत, पण चुना मुरलेल्या मातीचा सामू त्या ओढून खाली आणत नाहीत. अशा उपायांनी कोणाचे नुकसान होत नाही हे खरे, पण त्यांच्या भरवशावर रोपे लावली की ती दोन वर्षांनी पिवळी पडतात आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो.

लॉन एकदम उखडले असते तर उतार उघडा पडला असता. म्हणून गवताच्या ढलप्या उताराला आडव्या पट्ट्यांत काढल्या, मधली गवताची पट्टी तशीच ठेवली आणि पुढच्या हंगामात उरलेली काढली. उघड्या भागावर तागाची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की केली. ही जाळी एक-दोन वर्षांत कुजून जाते आणि तोवर झुडपांची खोडे तिच्या छिद्रांतून वर आलेली असतात.

रोपे कोणती

ठेंगण्या ब्लूबेरीची रोपे तीन प्रकारे मिळतात. फांदीच्या छाट्यांपासून केलेली रोपे लवकर फुलतात, पण त्यांची भूमिगत खोडे आळशी असतात आणि जमीन झाकायला ती फार वेळ घेतात. बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने केलेली रोपे अधिक जोमाने पसरतात. बियांच्या रोपांचा आणखी एक फायदा असा की प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या निराळे असते. या प्रजातीत स्वतःच्या परागाने फळ फारच कमी धरते, त्यामुळे शेजारी वेगळे रोप असणे आवश्यक ठरते. तिसरा प्रकार म्हणजे मेनच्या शेतातून मातीसकट कापून आणलेल्या ढलप्या. त्या महाग पडतात, पण लावल्या दिवसापासून जमीन झाकतात.

इथे बियांची रोपे मुख्य ठेवली आणि त्यांत ‘ब्रन्सविक’ व ‘बर्गंडी’ या निवडक वाणांची काही रोपे मिसळली. ‘ब्रन्सविक’ हा कॅनडातील बुटका, पसरणारा वाण आहे. ‘बर्गंडी’चा कोवळा पाला लालसर असतो आणि कुटुंबाला तो दिसायला आवडला होता, निवडीचे दुसरे कारण नव्हते. रोपांमधले अंतर ४५ सेंटिमीटर ठेवले, म्हणजे ७० चौरस मीटरला जवळपास ३५० रोपे लागली. अंतर ६० सेंटिमीटर केले असते तर खर्च बराच वाचला असता. मात्र उतारावर जमीन झाकायला लागणारे प्रत्येक जादा वर्ष मातीच्या रूपाने वसूल होते. ढलप्या फक्त खालच्या टोकाला, जिथे सगळे पाणी एकत्र येते तिथे, एका ओळीत बसवल्या.

रोपांभोवती लाकडाच्या लांबट, पिंजलेल्या चिप्सचा पाच सेंटिमीटरचा थर दिला. गोल गोट्यांसारखी साल दिसायला देखणी असली तरी पावसात उतारावरून घरंगळते. लांबट चिप्स एकमेकींत गुंततात आणि जागेवर राहतात. या थराने ओल टिकते, आणि भूमिगत खोडांना पसरायला मऊ, आम्लधर्मी माध्यम मिळते. मेनमधील शेतांतही उघडे पडलेले चट्टे भरून काढण्यासाठी हाच उपाय केला जातो.

पाऊस, दुष्काळ, थंडी

रोपे लावली आणि २०२१चा जुलै न्यू इंग्लंडमध्ये कमालीचा ओला गेला. खालच्या पट्ट्यात ढलप्यांनी आणि जाळीने माती धरली. मधल्या पट्ट्यात दोन ठिकाणी ओघळी पडल्या, तिथली काही रोपे पुन्हा लावावी लागली. त्या ओघळींत ओंडके आडवे गाडून पाण्याचा वेग मोडला. या झुडपाची मुळे उथळ असतात. ती वरची माती बांधून ठेवतात, पण घसरणाऱ्या उताराला खोलवर आधार देत नाहीत. तसा आधार हवा असेल तर खोल मुळांची दुसरी झुडपे मध्ये लावावी लागतात. म्हणून मधल्या पट्ट्याच्या एका कडेला स्वीटफर्नची रांग घातली. तीही याच मातीची, आणि मुळांतील गाठींद्वारे हवेतील नत्र धरणारी.

२०२२च्या उन्हाळ्यात चित्र उलटले. मॅसॅच्युसेट्समध्ये तीव्र दुष्काळ पडला आणि अनेक गावांनी बागेला पाणी देण्यावर निर्बंध आणले. जमलेली झुडपे अशा उन्हाळ्यातून पार पडतात, पण दुसऱ्या वर्षाच्या रोपांची मुळे चिप्सच्या थराखाली जेमतेम बोटभर गेलेली असतात. परवानगी असलेल्या वेळांत ठिबकने थोडे थोडे पाणी दिले आणि बहुतेक रोपे वाचली. अपवाद वरच्या चाचणीच्या पट्ट्याचा होता. तिथे आधीच पाने पिवळी पडली होती, मिठाने कडा करपल्या होत्या आणि त्या उन्हाळ्यात रोपे गेली. त्यांच्या जागी पुन्हा ब्लूबेरी लावायची नाही, हे मग कोणाला सांगावे लागले नाही.

तणांचे काम मात्र पहिली तीन वर्षे संपत नव्हते. मधल्या पट्ट्यात जुन्या लॉनचे गवत पुनःपुन्हा वर येई. सामू जसजसा खाली गेला तसतसे गवत मंदावले, पण त्याची जागा शीप सॉरेलने घेतली. आंबट पानांच्या या तणाला आम्लधर्मी माती चालते. ते हाताने उपटणे एवढाच मार्ग होता. तणनाशकाचा विचार झाला आणि सोडून दिला, कारण मुले तिथेच बसून फळे तोंडात टाकणार होती. खतही जवळजवळ दिले नाही. मेनमधील शेतकरी पानांच्या पृथक्करणात स्फुरद कमी आढळला तर डीएपी हे नत्र-स्फुरदाचे खत देतात, पण घरगुती लागवडीत नत्राचा हात सैल सोडला की त्याचा पहिला लाभ तणांना होतो. महाराष्ट्रात शेती पाहिलेल्या घरातील माणसाला ‘खत घालू नका’ हे पटवणे, मला वाटते, गंधक घालायला सांगण्यापेक्षा अवघड असते.

२०२३च्या मेमध्ये उतार पहिल्यांदा भरघोस फुलला. पांढऱ्या, कधी गुलाबीसर झाक असलेल्या घंटेसारख्या या फुलांतील पराग परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून बाहेर पडतो, आणि तो झटकून काढायला पंखांच्या स्नायूंची थरथर लागते. भुंग्यासारख्या जाडजूड बंबलबीला ते जमते. मधमाशीला तशी थरथर करता येत नाही, पण व्यापारी शेतांत संख्येच्या जोरावर तिच्याकडूनही काम करून घेतात. घरगुती लागवडीला रानातील बंबलबी आणि छोट्या एकट्या राहणाऱ्या माश्या पुरतात. १८ मेच्या पहाटे मात्र न्यू इंग्लंडभर पारा शून्याच्या खाली उतरला आणि सफरचंदाच्या बागांची मोठी हानी झाली. या उतारावर नुकसानीची रेघ जणू आखून काढली होती. थंड हवा जड असल्याने ती खाली वाहत जाऊन रानाच्या कडेला साचली आणि खालच्या पट्ट्यातील फुले काळवंडली. मधल्या पट्ट्यातील बहुतेक वाचली. मातीच्या दृष्टीने सर्वांत चांगली जागा फुलांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची निघाली.

छाटणीचा पेच

आतापर्यंतची निगा दोन्ही उद्देशांना पोषक होती. २०२४च्या सुरुवातीला पेच उभा राहिला. हे झुडूप नव्या, फांद्या न फुटलेल्या दांड्यावर उत्तम फळते. उन्हाळ्याच्या मध्यास दांड्याचा शेंडा वाळून उंची थांबते, त्यानंतर वरच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीची फुले तयार होतात. दांडे जुने झाले की फांद्या फुटत जातात, पाला दाट होतो, डोळे लहान पडतात आणि फळ घटत जाते. म्हणून व्यापारी शेतांत दोन वर्षांचे चक्र असते. एका वर्षी शेत जमिनीलगत जाळतात किंवा यंत्राने छाटतात, त्या वर्षी फक्त वाढ होते आणि पुढच्या वर्षी पीक घेतात. नाशिककडील द्राक्षबागायतदाराला हे लगेच उमजेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीतच पुढच्या घडांची बीजे पडतात, तसेच हे आहे. फरक इतकाच की तिथे जे सहा महिन्यांच्या अंतराने घडते त्याला इथे दोन उन्हाळे लागतात.

छाटले तर फळ, पण उतार काही काळ उघडा. न छाटले तर उतार झाकलेला, पण फळ वर्षागणिक कमी. लॉनला पर्याय म्हणून हे झुडूप सुचवणाऱ्यांकडून हा व्यवहार सहसा सांगितला जात नाही. जमीन झाकणारे आणि खाण्याजोगे, अशी दोन्ही विशेषणे एका दमात लावली जातात आणि दोन्ही पूर्ण मिळतील असे गृहीत धरले जाते.

जाळण्याची कल्पना कुटुंबातील तरुण मंडळींना भुरळ घालत होती. तिचे फायदे खरे आहेत, कारण आगीत काही किडी व रोग नष्ट होतात आणि छाटणी अगदी जमिनीसरशी होते. पण मॅसॅच्युसेट्समध्ये उघड्यावर जाळण्याची मुभा १५ जानेवारी ते १ मे एवढ्याच काळात, परवान्याने आणि फांद्या-झुडपांच्या कचऱ्यापुरती असते. उभे गवत आणि पाचोळा जाळता येत नाही. शिवाय चिप्सचा थर पेटला तर तो आतल्या आत धुमसत राहतो. त्याच वर्षीच्या शरदात राज्यात कोरड पडून ठिकठिकाणी वणवे लागले, तेव्हा हा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

ठरले ते असे. उताराचे आडवे तीन भाग करायचे आणि दर वसंतात एकच भाग, कोंब फुटण्याआधी, झुडूप छाटणाऱ्या यंत्राने जमिनीपासून बोटभर उंचीवर छाटायचा. यामुळे कोणत्याही वर्षी दोन भाग झाकलेले राहतात. प्रत्येक भागाला छाटणीनंतर दोन पिके मिळतात, पहिले जोरदार आणि दुसरे बेताचे. व्यापारी हिशेबाने हे फायद्याचे नाही. घरगुती उतारासाठी मला याहून बरा मेळ दिसत नाही.

एप्रिल २०२४मध्ये खालचा भाग छाटला. कुटुंबाने खिडकीतून पाहिले तेव्हा तिथे फक्त चिप्स आणि काटक्यांचे खुंट होते, आणि आता पहिल्या वळवाला सगळे वाहून जाणार अशी त्यांची खात्री झाली होती. तसे झाले नाही. इथे भूमिगत खोडांचे जाळे एकमेकांत मिसळले होते आणि त्याने माती धरली. मेच्या अखेरीस कोंब दिसू लागले, जुलैत ते वीतभर झाले आणि जमीन पुन्हा झाकली गेली. म्हणजे ज्या उघडेपणाची भीती होती तो प्रत्यक्षात एका वर्षाचा नसून सुमारे दोन महिन्यांचा होता.

पण हा निष्कर्ष मधल्या पट्ट्याला लागू पडत नव्हता. तिथे चुन्याचा जुना साठा गंधकाला दाद देत नव्हता. सामू एकदा खाली जाऊन पुन्हा थोडा चढला होता आणि रोपांमध्ये अजून हातभर मोकळ्या जागा होत्या. अशा ठिकाणी छाटणी केली तर धरून ठेवायला खाली जाळेच नाही. म्हणून २०२५च्या वसंतात या पट्ट्यातील फक्त मिळून आलेले तुकडे छाटले, बाकीचे वाढू दिले, गंधकाचा हलका हात पुन्हा दिला आणि मोकळ्या जागी चिप्सचा थर वाढवला. छाटणी दिनदर्शिका पाहून करायची नसून पायाखालची जमीन चाचपून करायची असते, आणि वेळ आली की नाही हे ठरवायला सोपी खूण आहे. दोन झुडपांमधील चिप्स बाजूला करून पाहावे. आडवी खोडे दोन्हीकडून येऊन भेटली असतील तर छाटावे.

फळ किती

ऑगस्ट २०२५मध्ये खालच्या, आदल्या वर्षी छाटलेल्या पट्ट्यात फळ उघडच अधिक होते आणि दांडे सरळ असल्याने ते वेचायलाही सोपे होते. अपेक्षा मात्र जमिनीवर ठेवावी लागते. मेनमध्ये मधमाश्यांच्या पेट्या ठेवून चांगले व्यवस्थापन केलेल्या शेतात पिकाच्या वर्षी एकरी दीड-दोन टन फळ निघते, म्हणजे चौरस मीटरला फार तर ४०० ते ५०० ग्रॅम. घरगुती उतारावर याच्या निम्मे मिळाले तरी समाधान मानावे. त्यातही खारीसारखे चिपमंक, रानटी टर्की आणि रॉबिन पक्षी आपला वाटा घेतात. उतारावर जाळे टाकणे किचकट आहे आणि त्यात साप अडकतात, म्हणून इथे ते टाकले नाही.

ऑगस्टच्या उत्तरार्धात ठिपकेदार पंखांची ड्रोसोफिला माशी पिकत आलेल्या फळात अंडी घालते. मेनमध्ये ती २०११पासून आढळते. यावर घरगुती पातळीवर उपाय म्हणजे फळ पिकताच वेचणे, पिकलेले झुडपावर राहू न देणे आणि वेचलेले लगेच थंडीत ठेवणे. या घरी उन्हाळ्यात सावंतवाडीहून आलेल्या आजी रोज सकाळी वेचणी करतात. फळ बारीक असल्याने हे काम हाताला वेळखाऊ आहे, आणि मेनमध्ये वापरतात तसा दातेरी फावडा उतारावर नीट चालत नाही. वेचलेले बहुतेक फळ गोठवले जाते, थोड्याचा वेलची घालून मुरंबा होतो. वेचताना पायमोजे विजारीवर ओढून घेणे आणि घरात आल्यावर अंग तपासणे हा नियम आहे, कारण न्यू इंग्लंडच्या अशा दाट, बुटक्या पाल्यात गोचीड असते आणि तिच्यामार्फत लाइम नावाचा जिवाणूजन्य आजार होतो. लॉन काढून झुडपे लावणाऱ्याने ही किंमत आधीच हिशेबात धरावी.

आजींच्या फोनवरून पुण्यातील आणि कोकणातील नातेवाइकांनी ही रोपे मागितली. या प्रजातीला हिवाळ्यात ७ अंश सेल्सियसच्या खाली हजारभर तासांची थंडी लागते, तेव्हाच डोळे नीट फुटतात. महाराष्ट्रात ते शक्य नाही. भारतात ब्लूबेरीचे जे प्रयत्न चालतात ते बहुतांशी कमी थंडीत फळणाऱ्या उंच जातींचे आहेत, आणि त्यांचा जमीन झाकण्याशी काही संबंध नाही.

वरच्या, भिंतीलगतच्या दोन मीटरांत आता मीठ सोसणाऱ्या, तिथल्या मूळच्या गवतांचे बुंधे आहेत. खिडकीसमोर ब्लूबेरीच हवी, हा कुटुंबाचा आग्रह मात्र पूर्ण सुटलेला नाही. त्यामुळे मधल्या पट्ट्याच्या वरच्या कडेची मीटरभर रुंदीची पट्टी छाटणीच्या चक्रातून कायमची बाहेर ठेवायची, असे २०२५च्या शरदात ठरले. ती दाट होत जाईल, ऑक्टोबरात लाल होईल आणि हळूहळू फळायची थांबेल, हे त्यांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. बाकीच्या उतारावर फळासाठी छाटणी चालू राहील.